सटवा आबाचा तिसरा डोळा

१

सरकारच्या नोंदीप्रमाणे माझ्या आजोबांच्या तीन डोळ्यांची ऑपरेशनं झालेली आहेत. तिन्हींचे पैसे मंजूर आहेत, आणि तिन्हींपुढे 'यशस्वी' असा शेरा आहे.

प्रत्यक्षात आबाला एकच डोळा आहे. तोही डावा, आणि त्यात मोतीबिंदू.

हे आम्हाला आषाढात कळलं, गेवराईला डॉ. स्वप्नालींच्या दवाखान्यात, दृष्टी योजनेच्या खिडकीपुढं. खिडकीत शिवांजली नावाची पोरगी होती. तिनं आबाचं कार्ड घेतलं आणि अंगठ्याचं मशीन पुढं सरकवलं. आबाचा अंगठा उमटला नाही. जन्मभर लोकर कातरून तो गोट्यासारखा गुळगुळीत झालेला आहे.

"मग ओटीपी पाठवते," शिवांजली म्हणाली. "कुणाचा नंबर आहे हा?"

नंबर उमापूरच्या किराणावाल्या सिद्धेश्वरअप्पांचा. आबाकडं फोन नाही, म्हणून कार्डाला त्यांचाच जोडलेला. मी फोन लावला. अप्पांनी सहाचे सहा आकडे धडाधड वाचून दाखवले आणि म्हणाले, "ठेव आता, गिऱ्हाईक हाय."

शिवांजलीनं पडद्याकडं पाहिलं, मग आबाकडं, मग परत पडद्याकडं.

"बाबा, तुमचं सगळं झालंय. उजवा झालाय परळीला. परत उजवा झालाय आमच्याकडं. आणि डावा झालाय परळीला. आता काही शिल्लक नाही."

"मंग हा काय हाय?" आबानं डाव्या डोळ्याला बोट लावलं.

"तो झालेला आहे."

"ह्याच्यात ढग हाय, बाई."

"असेल. नोंदीत साफ आहे."

आबाचं नाव सटवा. चकलांब्याचा मेंढपाळ. उजवा डोळा गेल्या दसऱ्याच्या आधी परळीच्या डॉ. युवराजांनी शिबिरात केला आणि आठवड्यात तो पिकला. गेवराईला स्वप्नालीबाईंनी परत उघडून पू काढला. डोळा जागेवर राहिला, नजर गेली. बुबुळावर दुधासारखा पांढरा थर आला. आता डावाही मिटत चालला होता. दिवाळीनंतर आमच्या वस्तीतली मेंढरं बाहेर पडतात. न दिसणाऱ्या माणसामागं मेंढरं जात नाहीत. डावा डोळा झाला नाही तर कळप विकायचा, असं आमच्या आईनं, अंजनानं, चुलीपुढं एकदाच म्हटलं होतं. आबा त्यावर दोन दिवस जेवला नव्हता.

खिडकीपुढून आबा हलला तो थेट दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसला.

"हरिओम, कुनीतरी माझा डोळा खाल्ला."

"हो, आबा."

"मला त्याचा डोळा पाहिजे." थोडा विचार करून त्यानं पुढं जोडलं, "एकच. मी लालची मानूस न्हाई."

२

माझी ओळख करून देतो. मी उमापुरात फ्लेक्स बनवतो. वाढदिवस, निवड, भावपूर्ण श्रद्धांजली. माझं मुख्य काम म्हणजे लोकांना गॉगल घालणं. गिऱ्हाईक आधार कार्डावरचा फोटो देतं, त्यात ते नुकतंच पकडून आणल्यासारखं दिसतं. मी गॉगल चढवतो, आणि माणूस आमदारकीला उभा राहू शकतो. अख्ख्या उमापुरात स्वतःचा गॉगल घालून आलेले एकटे सिद्धेश्वरअप्पा. महाशिवरात्रीच्या शुभेच्छांचा फ्लेक्स होता. माझी मेहनत वाचली म्हणून मी पैसे कमी केले, तर अप्पा म्हणाले, "शाई बी वाचली असंल की," आणि अजून कमी केले.

तपासाचं डोकं माझं नाही. ते माझ्या बहिणीचं, ऋतुजाताईचं. ती संभाजीनगरला संख्याशास्त्र शिकते. ताई चिडली की बोलत नाही, लॅपटॉप उघडते. आबाची गोष्ट ऐकून ती दुसऱ्या दिवशीच्या एसटीनं आली, आबाच्या पाया पडली आणि लॅपटॉप उघडला.

"योजनेचं प्रत्येक बिल सरकार संकेतस्थळावर टाकतं," ती म्हणाली. "कुणालाही बघता येतं. पेशंटचं नाव नसतं, एक नंबर असतो. पण गाव असतं, वय असतं, डॉक्टर कोण, महिना कोणता, डोळा उजवा की डावा, सगळं असतं."

"आनी कुनी बगतं का?" आईनं विचारलं.

"कुणीच नाही. म्हणून तर टाकतात."

तिनं जिल्ह्यातले सगळे डोळ्यांचे डॉक्टर एका रांगेत लावले. कसोटी साधी होती. एकदा केलेला डोळा परत करावा लागला, तर पहिलं काम बिघडलं. असे दुरुस्तीचे डोळे कुणाच्या नावावर जास्त?

पडद्यावरच्या आलेखात डॉ. स्वप्नालींचा खांब बाकी सगळ्यांच्या डोक्यावरून वर गेला होता. परळीच्या डॉ. युवराजांचा खांबच नव्हता. एकही नाही. शून्य.

"म्हंजी बाईच?" आबा उठला. "तिनंच शेवटी हात लावलता माझ्या डोळ्याला. काठी कुठाय बे?"

काठी त्याच्या हातातच होती. त्याला आवरायला आईही आमच्याबरोबर निघाली.

गेवराईपर्यंत आबा काठीची लोखंडी टोपी बसच्या फरशीवर आपटत होता. कंडक्टरनं त्याचं तिकीट विचारलं नाही.

डॉ. स्वप्नाली पन्नाशीच्या, आवाज मोठा. त्या टेबलाशी उभ्याउभ्या भाकरी खात होत्या. ताईनं लॅपटॉप त्यांच्यापुढं ठेवला. त्यांनी खांब पाहिला आणि भाकरी चावत राहिल्या.

"हे तू केलंस?"

"हो. आकडे सरकारचे आहेत."

"आकडे बरोबर आहेत. डोकं चुकलंय." त्यांनी हात पुसला. "ट्रकखाली आलेला माणूस माझ्या दवाखान्यात आणला. तो इथं मेला. तर गुन्हा माझ्यावर लावशील का ट्रकवर? ह्या प्रत्येक डोळ्याचं पहिलं ऑपरेशन कुठं झालं, ते लावलंस का खांबात?"

ताईचे कान लाल झाले. आबाची काठी हवेतच थांबली होती, ती त्यानं हळूच खाली घेतली.

"आनी तुमी परत तपासायला बोलवता का, बाई?" त्यानं विचारलं.

"मी शिव्या देऊन बोलवते, आबा. तुम्ही येत नाही."

ताई तिथंच बाकावर बसली. या वेळी तिनं डॉक्टर सोडले आणि एकेका पेशंटच्या नंबराचा माग काढला. हा डोळा आधी कुठं गेला, मग कुठं गेला. थोड्या वेळानं तिनं पडदा माझ्याकडं फिरवला. युवराजांचे बिघडलेले डोळे युवराजांकडं परत जातच नव्हते. ते गेवराईला येत होते, बीडला जात होते. आणि सगळ्यात जास्त होते गेल्या दसऱ्याआधीच्या एकाच शिबिरातले. उमापूरच्या. आबा त्याच शिबिरातला.

"नापास झालेली पोरं दुसऱ्या शाळेत घालायची," ताई म्हणाली, "म्हणजे आपला निकाल शंभर टक्के."

आबाला शाळेतलं काही कळत नाही, पण दिशा कळाली. त्यानं काठी परळीच्या बाजूला वळवली.

"थांबा आबा. उजवा कुणी घालवला ते कळलं. डावा कुणी खाल्ला ते कळलं नाही." ताईनं शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "डावा डोळा. परळी. महिना माघाचा. आई, माघात आबा कुठं होते?"

"शेवगावच्या पल्याड लोकांच्या शेतात मेंढरं बसवत हुते की," आई म्हणाली. "मीच भाकऱ्या करत हुते तिथं."

म्हणजे माघात आबा शेवगावच्या पलीकडं होता, आणि त्याचा डावा डोळा परळीला टेबलावर पडला होता.

३

परळीत सगळ्यावर राख असते. झाडांवर, रिक्षांवर, पुढाऱ्यांच्या फ्लेक्सवर. माझ्या धंद्यातली माणसं परळीची ऑर्डर घेताना गिऱ्हाइकाला आधीच सांगतात, दोन दिवस तुमचा चेहरा, मग विद्युत केंद्राची कृपा.

डॉ. युवराजांच्या हॉस्पिटलसमोरच्या चौकात त्यांचाच एक फ्लेक्स होता. 'लाखो नेत्रांचे दीप'. चांगला होता. गॉगल मात्र दुसऱ्या माणसाच्या मापाचा वाटत होता.

डॉक्टरांनी आम्हाला आत घेतलं, कारण ताईनं चिठ्ठीवर फक्त 'आकडेवारी' असं लिहून पाठवलं होतं.

"शिबिरात केलेला डोळा बिघडला?" ते दुःखी झाले. त्यांना ते छान जमत होतं. "बाबा, तुम्ही मेंढरं राखता ना? धूळ, लोकर, लेंड्या. आम्ही काच बसवून देतो. तुम्ही तिच्यावर शेत आणून टाकता."

आबानं मान खाली घातली. दिवाळीपासून त्याला हेच वाटत होतं, हे मला त्या क्षणी कळलं. त्यानं आमच्यातल्या कुणालाच सांगितलं नव्हतं.

"त्याच शिबिरात भिवराबाई होत्या," ताई म्हणाली. "त्या उमापुरात ब्लाऊज शिवतात. छबुबाई होत्या. त्या अंगणवाडीत आहेत. दोघींचेही उजवे डोळे गेवराईला परत उघडले. मी काल त्यांच्या घरी गेले होते. दोघींकडं मेंढरू नाही, डॉक्टर. भिवराबाईंकडं एक मांजर आहे, पण ते स्वच्छ आहे."

डॉक्टरांचं दुःख ओसरलं.

"तुम्हाला नेमकं काय हवंय?"

"ह्यांच्या डाव्या डोळ्याचं बिल. माघातलं. हे इथं आलेच नव्हते. तुम्ही न करताच बिल लावलं?"

"न करता?" या वेळी ते खरोखर दुखावले. "माझ्याकडं खोटं ऑपरेशन होत नाही. रवि! माघातला तो फोटो दाखव ह्यांना. चकलांबा, सटवा."

रवि म्हणजे त्यांचा योजनेच्या टेबलावरचा माणूस. केसाला तेल, गळ्यात ओळखपत्र. त्यानं आम्हाला बाहेरच्या संगणकावर नेलं. ऑपरेशन झाल्यावर पेशंटचा फोटो चढवल्याशिवाय पैसे सुटत नाहीत, म्हणून प्रत्येकाचा फोटो असतो. पडद्यावर एक म्हातारा आला. डोक्यावर हिरवी टोपी कपाळापर्यंत ओढलेली, चादर हनुवटीपर्यंत, डाव्या डोळ्यावर पट्टी.

"बघा," रवि म्हणाला. "झालंय ना ऑपरेशन? उगं डॉक्टरसाहेबाला तरास."

आबा पडद्याला नाक लावून बघत राहिला.

"नाक माझ्यावानी हाय," तो शेवटी म्हणाला. "रवि, मी आलतो का रं?"

"आलते की, आबा."

"असंल बाबा." आबाचा आवाज बारीक झाला. माणसाला पुरेशा वेळा सांगितलं की त्याला स्वतःच्या डोळ्याचाही भरवसा राहत नाही. त्यात आबाला दिसतही नव्हतं.

मी पडद्याचा फोटो काढला. मला सवयच आहे, चेहरा दिसला की काढून ठेवायचा.

"ये, फोटो कावून काढायलास बे?" रवि ओरडला.

"वाढदिवस असला म्हणजे?" मी म्हणालो.

बाहेर आल्यावर ताईनं माझा फोन हिसकावून घेतला आणि फोटो मोठा केला. एक राखेचा टेम्पो आमच्या अंगावरून गेला तरी ती हलली नाही.

"हरी, डॉक्टर खरं बोलतोय. ऑपरेशन खरंच झालंय."

"म्हणजे आबा आलता?"

"पट्टी कुठल्या डोळ्यावर आहे?"

"डाव्या."

"मग उजव्याकडं बघ."

मी पाहिलं. पट्टीच्या शेजारून, हिरव्या टोपीखालून, एक तपकिरी, जिवंत, किंचित चिडलेला उजवा डोळा सरळ आमच्याकडं बघत होता.

आबाचा उजवा दिवाळीपासून दुधासारखा पांढरा आहे.

४

म्हणजे कुणाच्या तरी डोक्यात आबाचा डोळा फिरत होता. कुणाच्या, एवढंच शोधायचं होतं.

"रवि?" मी परतीच्या बसमध्ये विचारलं.

"रवि तिशीचा आहे. फोटोतला सत्तरीचा." ताई पुन्हा बिलांत शिरली होती. "आणि हे एकट्या आबांचं नाही. माघात परळीला चकलांब्याचे आणखी काही डोळे झालेत. सगळे डावे. वयं बघ, हे आपले रामहरीमामा, हे भाऊबा. सगळे मेंढपाळ. चकलांब्यात जे घरीच असतात त्यांच्यापैकी एकाचाही नाही. चोर फक्त गावात नसलेल्या माणसांचे डोळे नेतो. का?"

उत्तर पुढच्या बाकावरून आईनं दिलं. तिला ते उत्तर आहे हे माहीत नव्हतं.

"आमची कागदं तरी कुठं घरी असत्यात. डब्यात असत्यात."

आमच्या वस्तीची ही जुनी रीत आहे. मेंढरांबरोबर निघताना कागद बरोबर नेत नाहीत. पावसात भिजतात, नदी ओलांडताना वाहून जातात, आणि एकदा भाऊबाचं रेशन कार्ड शेळीनं खाल्लं होतं. पुढची दोन वर्षं त्याला धान्य मिळालं नाही, आणि शेळीही कमी खायची. त्यामुळं दिवाळीनंतर निघताना सगळी वस्ती आपली कार्डं उमापूरला सिद्धेश्वरअप्पांच्या दुकानात ठेवते. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात. मृगाला परत आलो की परत घ्यायची. अप्पांनी याचा कधी पैसा घेतला नाही. हे आठवून मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी मी, ताई आणि आबा दुकानात गेलो. अप्पा गल्ल्यावर होते. कपाळाला भस्म, मागं वैजनाथाचा फोटो, दर श्रावणी सोमवारी परळीला जाणारा माणूस. ताईनं डब्याचं विचारलं.

"डबा हाय की. हितंच असतो." त्यांनी फळीकडं हात केला. "पर पोरी, खरं सांगू का, तो परळीचा रवि हाय ना, तो शिबिराच्या येळंला आलता. लई गोड बोलतो. त्यानंच उचलली असतील कार्डं. मी मानूस साधा."

"सगळ्यांचा ओटीपी तुमच्याच फोनवर येतो, अप्पा."

"येतो. कुनीबी इचारलं की मी सांगतो. आता तूच परवा इचारलास का न्हाई, हरी?"

हे खरं होतं. ताईनं तिथूनच रविला फोन लावला आणि आवाज मोठा केला. रवि आधी शिव्या देत होता. ताईनं 'पोलीस' हा शब्द काढल्यावर तो आदरानं बोलायला लागला. "मॅडम, मी कार्डं कशाला उचलू? कार्ड आलं तवा कार्डासंगं मानूस आला. प्रत्येकासंगं येक. उमापूरहून जीप करून आलते. ओटीपी बी त्यांनी जागच्या जागी सांगितला."

फोन बंद झाला.

अप्पा म्हणाले, "खोटं बोलायलाय. चहा घेता का?"

"बिस्किटाचा पुडा द्या," ताई म्हणाली. "आणि अप्पा, तारीख बघून द्या. मागच्या वेळी जुना दिला होता."

अप्पांचा अपमान झाला. त्यांनी पुडा उचलला, उलटा केला, उजवा डोळा घट्ट मिटला आणि डाव्यानं कोपऱ्यातली मुंगीएवढी अक्षरं वाचली. महिना, वर्ष, वर बॅच नंबरही.

"अजून वर्षभर चालंल," ते म्हणाले.

"छान वाचलं," ताई म्हणाली. "मागच्या वर्षी कोण वाचायचं हो हे?"

"मी!" आतल्या खोलीतून उमाबाईकाकूंचा आवाज आला. "तारखा मी, ओटीपी मी, नोटा खऱ्या का खोट्या ते बी मी. ह्यांना भितीवरची पाल दिसत नव्हती. माघापासनं काय झालं देव जानं, मला म्हनत्यात, तुझ्या तोंडावर सुरकुत्या हायेत."

माघ. माझ्या डोक्यात काहीतरी हललं. माघात महाशिवरात्र असते. महाशिवरात्रीच्या फ्लेक्सला अख्ख्या उमापुरात एकच माणूस स्वतःचा गॉगल घालून आला होता. काळा, बाजूनंही बंद, पत्र्यासारखा. मला ती फॅशन वाटली होती. तसला गॉगल मी काल परळीत पाहिला, हॉस्पिटलच्या बाकावर, ओळीनं बसलेल्या पेशंटांच्या डोळ्यांवर.

मी फोन काढला. जन्मभर जे करत आलो तेच केलं. हिरव्या टोपीच्या म्हाताऱ्याला गॉगल चढवला. टोपी पुसली, कपाळावर भस्म ओढलं. शेजारी महाशिवरात्रीचा फ्लेक्स लावला आणि फोन काउंटरवर ठेवला.

दोन सिद्धेश्वरअप्पा शुभेच्छा देत होते.

अप्पांनी पाहिलं. स्वच्छ दिसलं त्यांना, हीच अडचण होती.

"माझं कार्ड पांढरं हाय," ते म्हणाले. "योजनेत बसत न्हाई. आनी तुमची कार्डं नुसती पडून हुती डब्यात. वाया चालली हुती." त्यांचा आवाज चढला. "सटवा, तू मेंढरामागं फिरनारा. तुला कावून पाहिजे बारीक दिसाया? मेंढरू केवढं मोटं असतं! मला अक्षरं वाचावी लागतात."

"आनी बाकीचे डावे?" आबानं विचारलं.

"ते मेव्हणे. आनी व्याही." अप्पांनी घाम पुसला. "पावण्यांना न्हाई कसं म्हनायचं?"

"अप्पा," ताई म्हणाली, "शिबिराची तपासणी तुमच्या ओट्यावर झाली. बिघडलेले डोळे तुम्ही इथंच बसून बघत होता. भिवराबाईंचा, छबुबाईंचा. तरी तुम्ही त्याच डॉक्टरकडं स्वतःचा डोळा घेऊन गेलात. भीती नाही वाटली?"

"भ्या कशाचं? डॉक्टरनं आमाला वरच्या टेबलावर घेतलं. येगळी खोली. ते म्हनले, अप्पा, तुमी शिबिराचे यजमान, शिबिराच्या टेबलावर नगं तुमी…"

ते थांबले. आपण काय बोललो ते त्यांना कळलं होतं.

डॉक्टरला माहीत होतं. समोर अप्पा आहे आणि कार्डावर सटवा आहे, हे माहीत होतं. आणि शिबिराचं टेबल कुणासाठी चांगलं नाही, हेही.

आबा उठला.

५

मला वाटलं, काठी पडणार. उमाबाईकाकू दारात आल्या होत्या. त्यांनी अप्पांच्या जवळची तेलाची बरणी उचलून बाजूला ठेवली, फुटू नये म्हणून. अप्पांना मात्र जागेवरच राहू दिलं.

आबानं काठी गल्ल्याला टेकवून ठेवली. मग गुळगुळीत अंगठा पुढं केला आणि अप्पांच्या डाव्या पापणीवर ठेवला. दाबला नाही. मेंढराचा ताप बघताना ठेवतो तसा नुसता ठेवला.

"हा माझा हाय," तो म्हणाला.

"सटवा…"

"सरकार म्हनतं, माझा हाय. सही हाय, फोटो हाय. मी आत्ता काढून नेला तरी चोरी न्हाई ती."

अप्पांचा उजवा डोळा भराभर उघडझाप करत होता. डावा अंगठ्याखाली गप्प पडला होता. आबानं अंगठा तिथं पुरेसा वेळ ठेवला. मग काढला.

"पोरी, तू तक्रार लिही. ह्याची बी, डागदराची बी. खाली ह्याची सही घे."

ताईनं तक्रार लिहिली. अप्पांनी सगळं कबूल करून सही केली. बिनचष्म्याची, सुवाच्य. तक्रार वर गेली. वर गेलेल्या गोष्टीचं पुढं काय होतं ते वरच्यांनाच माहीत. चौकशी समिती नेमली आहे, असं उत्तर आलं.

"समिती कवा येनार?" आबानं विचारलं.

"वेळ लागेल."

"तवर मी काय करू?" असं म्हणून तो माझ्याकडं वळला. "हरिओम, त्या डागदराचा वाढदिवस कवा असतो?"

मला ती तारीख माहीत होती. धंद्यातल्या माणसाला जिल्ह्यातल्या सगळ्यांच्या वाढदिवसांच्या तारखा माहीत असतात. श्रावणात होता.

मी आयुष्यातला सगळ्यात मोठा फ्लेक्स केला. खर्च अप्पांचा. वर मधोमध डॉ. युवराज, त्यांच्या मापाचा गॉगल घालून. 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा!' खाली ताईचे खांब, रंगीत, फुलांच्या हारात: डॉक्टरसाहेबांनी केलेले आणि दुसऱ्या डॉक्टरांनी परत उघडलेले डोळे, गावांच्या नावांसह. 'आकडे शासनाच्या संकेतस्थळावरून. खात्री करावी.' उजव्या बाजूला 'शिबिराच्या टेबलावरचे शुभेच्छुक': भिवराबाई, छबुबाई, आबा, सगळे दवाखान्याच्या काळ्या गॉगलमध्ये, अगदी पंचायत समितीचे सदस्य दिसत होते. डाव्या बाजूला 'वरच्या टेबलावरचे शुभेच्छुक': सिद्धेश्वरअप्पा, त्यांचे मेव्हणे, त्यांचे व्याही. प्रत्येकाखाली त्याचं नाव, आणि कंसात डोळ्याच्या मूळ मालकाचं.

हॉस्पिटलच्या समोर लावला. डॉक्टरांनी पोलीस बोलावले. हवालदारानं सगळा फ्लेक्स वरपासून खालपर्यंत वाचला. मग त्यानं खिशातून वहीऐवजी चष्मा काढला आणि परत वाचला.

"साहेब, शुभेच्छा दिल्यात," तो म्हणाला. "कुठलं कलम लावू?" आणि मग हळूच, "माझ्या आईचं पुढच्या आठवड्यात आहे तुमच्याकडं. ते… ते राहू द्या."

दुपारपर्यंत चौकात जत्रा भरली. बाकावरचे पेशंट बाहेर येऊन आपापलं गाव खांबात शोधत होते. सापडलं की आत परत जात नव्हते. संध्याकाळी डॉक्टरांची गाडी मागच्या दारानं गेली. रवि काच पुसायला पुढं धावला होता, त्याला तिथंच टाकून.

आबाचा डावा डोळा डॉ. स्वप्नालींनी केला. पैसे अप्पांनी भरले. तो बिलात नाही, त्यामुळं सरकारदरबारी आबाला अजून तीनच डोळे आहेत, आणि त्या तिन्हींत हा नाही. पट्टी काढल्यावर बाईंनी बोटं दाखवून किती, असं विचारलं. आबा म्हणाला, "बोटं र्‍हाऊ द्या. तुमच्या दातात भाजी हाय."

कळप विकला नाही. दिवाळीनंतर निघायचंय. कार्डं या वर्षी बरोबर नेणार आहोत. भाऊबानं शेळीच्या तोंडाला जाळी शिवून घेतली आहे.

राहता राहिली राख. परळीत फ्लेक्स दोन दिवसांत करडा होतो, हे मी आबाला आधीच सांगितलं होतं. आबानं ते सिद्धेश्वरअप्पांना सांगितलं. अप्पा नाहीतरी दर श्रावणी सोमवारी वैजनाथाला येतातच.

म्हणून परवाच्या सोमवारी दर्शन झाल्यावर अप्पा चौकात शिडी लावून उभे होते. एका हातात बादली, एका हातात फडकं. खाली उमाबाईकाकूंनी शिडी धरली होती, फार घट्ट नाही. रस्त्याच्या ह्या बाजूला चहाच्या टपरीवर आबा बसला होता. मांडी घालून, बशीत चहा ओतून, काठी आडवी ठेवून. अप्पांनी डॉक्टरांचा चेहरा पुसला. खांब पुसले. स्वतःचा फोटो पुसला आणि घाईघाईनं एक पायरी खाली उतरले.

आबानं चहाचा घोट घेतला. बशी खाली ठेवली. पांढरा उजवा डोळा तसाच ठेवून डावा बारीक केला.

"अप्पा," त्यानं तिथूनच हाक मारली. "तुज्या नावाखाली, कंसात. माज्या नावावर राख र्‍हायलीय."

अप्पांनी वळून पाहिलं. "लांबून काय कळतंय तुला?"

"चड वर," आबा म्हणाला. "मला दिसतंय."